बर्फ, सरबत आणि मागाहून आलेला चहा



दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, यांपैकी कुठेही मे महिन्यात कोणाच्या घरी गेलात, तर हल्ली पाण्याच्या पेल्यापाठोपाठ एक प्रश्न येतो: चहा घेणार की आइस्ड टी? आइस्ड टी म्हणजे बहुतेक वेळा लिंबाचा किंवा पीचचा. तो घरीच केलेला असतो किंवा पाकिटातली पूड पाण्यात ढवळलेली असते. पिणाऱ्याला वाटतं, ही अमेरिकेची देणगी, मॉलबरोबर आलेली. ते पूर्ण खोटं नाही. पण या पेल्यात नेमकं काय असतं ते बघा. बर्फ, फळाचा रस, साखर आणि चहा. यातल्या पहिल्या तिघांची या भागात चारशे वर्षांची ओळख आहे. चहा सव्वाशे वर्षांपूर्वी पुढे आला, आणि तोही याच देशात पिकलेला. मग या चौघांना दिल्लीच्या घरात एका पेल्यात यायला विसावं शतक संपायची वेळ का आली? आज मला या उशिराबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात बाबरापासून करू, कारण दिल्लीच्या उन्हाळ्याबद्दल त्याच्याइतकी मोकळी तक्रार कोणी केलेली नाही. १५२६ साली पानिपत जिंकून तो इथे आला आणि आपल्या आठवणींमध्ये त्याने हिंदुस्थानात काय काय नाही याची यादीच दिली. चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही. फळ आणि गारवा ही दोन्ही दुःखं त्याने एका दमात सांगितली आहेत. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने द्राक्षं आणि खरबुजं लावून बघितली, ती आलीही, आणि त्याला फार बरं वाटलं. म्हणजे फळाचा प्रश्न माळ्याने सोडवला. गारव्याचा प्रश्न मात्र त्याच्या नातवापर्यंत लोंबकळत राहिला.

अकबराच्या दरबारात तो दोन टप्प्यांत सुटला. ‘आईन-ए-अकबरी’मध्ये अबुल फज्लने आबदारखान्याचं, म्हणजे बादशहाच्या पिण्याच्या पाण्याच्या खात्याचं, वेगळं प्रकरण लिहिलं आहे. पहिला टप्पा सोऱ्याचा. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तो क्षार. तो पाण्यात विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. कृती अशी: जस्ताच्या किंवा चांदीच्या सुरईत एक शेर पाणी भरायचं, तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायची. पाणी गार. ज्या पदार्थाने तोफा धडाडतात त्यानेच पाणी थंड होतं, याचं अबुल फज्ललाही कौतुक वाटलं होतं. शिवाय ते पाणी आटवलं की सोरा परत मिळतो. स्वस्तातलं काम.

दुसरा टप्पा खऱ्या बर्फाचा. १५८६च्या सुमारास दरबार लाहोरला गेला आणि उत्तरेच्या डोंगरातून बर्फ यायला लागला. नावेने, डाकेच्या गाड्यांनी आणि माणसांच्या डोक्यावरून. नावांचा व्यवहार मला फार बोलका वाटतो. दहा नावा सतत या कामावर असत आणि त्यातली एक रोज राजधानीला पोचे. बर्फ जितका वेगाने वितळतो तितक्या वेगाने साखळी फिरत राहिली पाहिजे, हे गणित त्यांनी बसवलं होतं. भाव होता रुपयाला दोन ते तीन शेर.

इथे जरा थांबू. अबुल फज्ल लिहितो की उन्हाळ्यात सगळ्या थरांतले लोक बर्फ वापरतात आणि उमराव तर वर्षभर वापरतात. उमरावांचं ठीक आहे. बाकीच्यांचं मला पटत नाही, आणि त्याचं कारण त्याच्याच पुस्तकात आहे. रुपयाचे दाम ४०. सगळ्यात खालच्या मजुराची रोजची मजुरी त्यात २ दाम दिली आहे. म्हणजे रुपया मिळवायला त्याला २० दिवस लागणार. रुपयाला तीन शेर हा सगळ्यात स्वस्त भाव धरला तरी एक शेर बर्फाला जवळजवळ सात दिवसांची मजुरी. महाग भावाने दहा दिवस. डोक्यावरून तो बर्फ वाहून आणणाऱ्या माणसाने त्यातला खडा तोंडात टाकला असेल तर तो वाटेत गळून पडलेला.

म्हणून दिल्लीच्या थंड पेयाचा इतिहास सांगताना मी फळापेक्षा, साखरेपेक्षा बर्फाकडे जास्त बघते. पेल्यातली सगळ्यात महाग वस्तू कायम तीच होती.

हा झाला आग्रा-लाहोरचा दरबार. दिल्लीत शहाजहानाबाद उभं राहिल्यावर, १६६०च्या आसपास, फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य इथे राहिला. त्यानेही सोऱ्याच्या पाण्यात सुरई हलवून पाणी गार करायची रीत पाहिली आणि लिहून ठेवली. दिल्लीच्या फळबाजाराचं त्याचं वर्णन तर वाचण्यासारखं आहे. इराण, बल्ख, बुखारा, समरकंद इथून सुकी आणि ताजी फळं येत, खरबुजं अफाट महाग असत. आंबे उन्हाळ्यात दोन महिने भरपूर आणि स्वस्त मिळत, पण दिल्लीच्या आसपासचे त्याला फारसे आवडले नाहीत. चांगले आंबे बंगाल, गोवळकोंडा आणि गोव्याचे, असा त्याचा निर्वाळा आहे. कोकणातल्या मंडळींनी गोवा हे नाव ऐकून खूश व्हायला हरकत नाही.

सरबत हा शब्द अरबीतून आला. ‘पिणे’ या अर्थाचा तो धातू आहे. शराब त्याच घरातली, इंग्रजांचं सिरप त्याच घरातलं. पण फळाचा रस पाण्यात घालून, गोड करून, मसाला टाकून पिणं इथे त्या शब्दाच्या आधीपासून होतं. संस्कृतात त्याला पानक म्हणत. आपलं कैरीचं पन्हं आणि इथलं आम का पना ही त्या एकाच शब्दाची दोन नातवंडं. नव्याने दिल्लीत आलेल्या मराठी घराला पहिल्या उन्हाळ्यात इथलं काही ओळखीचं वाटलं तर ते बहुधा पनाच असतं, फक्त वेलचीऐवजी त्यात पुदिना आणि भाजलेलं जिरं सापडतं. फालसे मात्र आपल्याकडे कमी माहीत. जांभळट, वाटाण्याएवढी फळं, आंबट-तुरट, मे-जूनमध्ये हातगाडीवर. ती चुरडून, गाळून, काळं मीठ आणि साखर घालून केलेलं सरबत हा दिल्लीचा खरा उन्हाळी रंग. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच यायचं आहे.

आता एक उडी मारू, १८०३ सालापर्यंत. मी नोएडात राहते. इथल्या गोल्फ कोर्सच्या आवारात एक जुना स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा इथे पराभव केला, त्याची ती खूण. पटपडगंजची लढाई म्हणतात ती हीच. महादजींनी दिल्लीवर बसवलेला मराठी अंमल त्या दिवशी संपला आणि शहर कंपनीच्या हातात गेलं. कंपनीच्या साहेबांना उन्हाळा बाबरापेक्षाही कमी सोसत होता. पण लाहोरच्या नावांसारखी यंत्रणा त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी दुसरीच देशी रीत उचलली.

ती रीत सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवली होती. उत्तरेच्या सपाट मैदानात, अलाहाबादसारख्या ठिकाणी, थंडीत साधारण तीस फूट लांबी-रुंदीचे आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाला उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर पसरायची. त्यावर बिनझिलईच्या मातीच्या उथळ परळ्या ओळीने मांडायच्या आणि संध्याकाळी त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर पहाटे परळ्यांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. हवेचं तापमान शून्याच्या वरच असायचं, तरी. मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून जाते, परळीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, आणि खालची ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. मग पहाटेच्या अंधारात माणसं तो पापुद्रा खरवडून टोपल्यांत भरत आणि खोल खड्ड्यात ठोकून ठोकून उन्हाळ्यासाठी साठवत. कडाक्याच्या थंडीत अनवाणी माणसं काम करणार, त्याचा गारवा मे महिन्यात दुसऱ्याच्या पेल्यात उतरणार.

त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या शहरांत वेगळीच गंमत चालली होती. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाच्या जहाजावर १८० टन तळ्यातला बर्फ भुशात गुंडाळून चढवला. चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, तो कलकत्त्याला पोचला तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढे मद्रास आणि मुंबईलाही बर्फघरं झाली. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, यजमान आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि वर्तमानपत्राने टोमणा मारला, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. अमेरिकेच्या बर्फाचा दिल्लीला मात्र काही उपयोग नव्हता. समुद्र लांब होता. पुढे १८७८ साली कलकत्त्यात यंत्राचा बर्फ निघायला लागला, थोड्या वर्षांत जहाजी बर्फाचा धंदा बसला, आणि यंत्र उत्तरेत आलं. जुन्या दिल्लीत सब्जी मंडीकडे आजही एका चौकाला बर्फखाना म्हणतात. रिक्षावाल्याला नुसतं ‘बर्फखाना’ सांगा, नेतो.

यंत्राच्या बर्फाने काय बदललं? लादी आली. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी हातगाडीवरून गल्लीत यायला लागली आणि पैशा-आण्याला तुकडा मिळायला लागला. अकबराच्या मजुराचे सात दिवस इथे संपले. बर्फ पहिल्यांदा बाजाराची वस्तू झाला. पण तो घरातली वस्तू नव्हता, हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची मेख तिथे आहे.

स्वस्त बर्फाच्या या दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली हमदर्द नावाचा दवाखाना काढला आणि १९०७ साली रूह अफ़ज़ा बाजारात आणलं. युनानी वैद्यकातलं, उष्णतेवरचं औषध म्हणून. गुलाब, केवडा, फळांचे रस, थंड गुणाच्या वनस्पती आणि भरपूर साखर. युक्ती अशी की आधी प्रत्येक सरबत त्या त्या फळाच्या मोसमात करायला लागे. आता बाटली फडताळात ठेवा, कधीही दोन चमचे पाण्यात घाला. फाळणीनंतर थोरला मुलगा दिल्लीत राहिला, धाकटा हकीम मोहम्मद सईद १९४८ साली कराचीला गेला आणि तिथे त्याने हमदर्द पुन्हा उभी केली. ढाक्याची शाखा पुढे बांगलादेशची झाली. एकच लाल सरबत आज तीन देशांत निघतं. जामा मशिदीच्या आसपास तेच दुधात, कलिंगडाच्या फोडी आणि बर्फ घालून पातेल्यांनी विकतात. त्याला मोहब्बत का शरबत म्हणतात. मला ते फार गोड लागतं, पण गर्दी बघता माझं मत कोणी विचारत नाही.

तर १९०७ साली दिल्लीकडे बर्फ होता, फळं होती, बाटलीतलं सरबत होतं. आणि चहा?

चहाची एक जुनी चाहूल आपल्या बाजूची आहे. सुरतेला राहिलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने १६८९ सालच्या प्रवासवर्णनात लिहिलंय की तिथले बनिया व्यापारी चहा मसाला आणि खडीसाखर घालून पितात, आणि जास्त चोखंदळ लोक त्यात मुरवलेली लहान लिंबं घालतात. म्हणजे शिवाजी महाराजांनी जे सुरत दोनदा लुटलं, त्या शहरात वीस वर्षांनी लिंबाचा चहा होता, गरम असला तरी. तो चहा चीनचा, डोकेदुखी-पोटदुखीवर घ्यायचा. मराठीतला ‘चहा’ पोर्तुगिजांच्या ‘शा’ला जवळचा आहे आणि दिल्लीतली ‘चाय’ फारसीकडून आलेली, यावरूनच दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या हे कळतं.

हिंदुस्थानी चहा म्हणजे आसामचा. १८३९च्या जानेवारीत त्याचा पहिला माल लंडनमध्ये लिलावात निघाला आणि पन्नास वर्षांत त्याने तिथे चीनच्या चहाला मागे टाकलं. पण हा चहा परदेशी विकण्यासाठीच पिकवला जात होता. इथे तो साहेबांचा आणि साहेबांच्या जवळच्यांचा. आपल्या पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण आठवा. १८९० साली मिशनऱ्यांच्या घरी पुढ्यात आलेल्या चहा-बिस्किटांवरून रानडे, टिळक, गोखले यांच्यासकट चाळीसहून अधिक जणांवर ग्रामण्य झालं आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षं चालला. चहाचा पेला तेव्हा तहानेसाठी नव्हताच. कोणाच्या हातचा, हा प्रश्न होता.

मळेवाल्यांकडे माल जास्त झाला, भाव पडले. १९०३ साली त्यांच्याच मागणीवरून सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसवला. हेतू एकच, त्या पैशातून चहाचा प्रचार. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हिंदुस्थानी चहाचा प्रचारक होता रिचर्ड ब्लेशिंडन. लोकप्रिय गोष्ट अशी की त्या उन्हाळ्यात त्याचा गरम चहा कोणी घेईना, म्हणून वैतागून त्याने तो बर्फावरून नेलेल्या नळीतून सोडला, आणि आइस्ड टी जन्माला आला. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. मॅरियन टायरी यांच्या १८७९ सालच्या व्हर्जिनियाच्या पाककृतींच्या पुस्तकात बर्फ, साखर आणि लिंबू घातलेल्या चहाची कृती आहे. १८९० साली मिसुरी राज्यातल्या माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात ८८० गॅलन आइस्ड टी खपल्याची बातमी आहे. ब्लेशिंडनच्या आधी अमेरिकन दक्षिण तो पीत होती.

पण एक फरक होता, आणि तो महत्त्वाचा. ते जुने आइस्ड टी बहुतेक हिरव्या चहाचे, म्हणजे चीन-जपानचे. ब्लेशिंडनचा चहा काळा, आपल्याकडचा. अमेरिकन पेल्याचा रंग हिरव्यावरून तांबड्या-तपकिरीकडे गेला त्यात हिंदुस्थान आणि सिलोनच्या प्रचाराचा हात होता. उरलेलं काम दुसऱ्या महायुद्धाने केलं, कारण पूर्वेकडचा हिरवा चहा येणंच बंद झालं. आइस्ड टी हिंदुस्थानने शोधला असं म्हणणं चूक. आज जगभर जो काळा आइस्ड टी पितात त्याचा चहा आपल्याकडच्या मळेवाल्यांनी तिथे नेऊन पोचवला, एवढं म्हणता येतं.

आता खरी विचित्र गोष्ट. त्याच उपकराच्या पैशाने तोच प्रचार हिंदुस्थानातही सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून उत्तरेतल्या रेल्वे स्टेशनांवर ठेकेदारांना किटल्या, पेले, चहाची पुडी देऊन उभं केलं गेलं. १९३० नंतर जागतिक मंदीत निर्यात अडली तेव्हा तर शहराशहरांत फुकट चहा पाजणारे फिरले. भिंतीवर पत्रे लागले, त्यावर चहा कसा करायचा याची कृती. अमेरिकेत विकताना जे लोक म्हणाले, उन्हाळा आहे, बर्फ घाला, तेच इथे उलट सांगत होते. उन्हाळ्यात गरम चहा थंडावा देतो, या अर्थाच्या पाट्या उत्तरेच्या स्टेशनांवर होत्या. जुन्या पिढीतल्या कित्येकांना त्या आठवतात.

असं का? मला याची कारणं भोळी वाटत नाहीत. बर्फ घातला की ग्राहक बर्फाच्या मोसमातच चहा घेणार. प्रचारकांना बारा महिन्यांची सवय लावायची होती. शिवाय उन्हाळ्यातली जागा रिकामी नव्हती. तिथे सरबत, लस्सी, पना, ठंडाई बसलेली होती, आणि त्यांच्याशी लढण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पकडणं सोपं होतं. तिसरं, बाजारातला बर्फ कोणत्या पाण्याचा, कोणी हाताळलेला, हा प्रश्न त्या काळात मोठा. स्टेशनांवर तेव्हा हिंदू पाणी आणि मुस्लिम पाणी अशी वेगळी हाक असे, हिंदू चाय आणि मुस्लिम चायही वेगळी असे. उकळलेल्या चहाला तरी आगीची ग्वाही होती. लादीला कसली?

गरम चहाने थंडावा मिळतो या दाव्याबद्दल दोन शब्द. तो निव्वळ थाप नव्हता. २०१२ साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात झालेल्या प्रयोगात दिसलं की गरम पेयाने घाम जास्त येतो, आणि तो घाम पूर्ण उडून गेला तर शरीरात साठणारी उष्णता खरंच कमी होते. अट ‘उडून गेला तर’ ही आहे. मे महिन्यातल्या दिल्लीच्या कोरड्या लूमध्ये उडतो. मुंबई-पणजीच्या दमटपणात तो पाठीवरून ओघळतो आणि चहा पिणारा नुसता भिजतो. तेव्हा ही पाटी दिल्ली स्टेशनला शोभली असती, दादरला नाही.

या सगळ्यावर शेवटचा हात मारला यंत्राने. १९३०च्या सुमारास आसामात चहाची पानं चिरडून, फाडून, गोळी करणारं यंत्र निघालं. त्याला आपण सीटीसी म्हणतो. स्वातंत्र्यानंतर हा दाणेदार चहा घरोघरी गेला. स्वस्त, कडक, दुधा-साखरेत उकळायला उत्तम. पण हा चहा गार केला की गढूळ होतो. त्यातली तुरट द्रव्यं आणि कॅफीन थंडीत एकमेकांना धरून खाली बसतात, पेल्यात चिखलाचं पाणी दिसतं. म्हणजे दिल्लीकराने १९६० साली उत्सुकतेने चहात बर्फ टाकला असता तरी दुसऱ्यांदा टाकला नसता.

आणि बर्फ टाकायला घरी बर्फ हवा. गोदरेजने देशातला पहिला फ्रिज १९५८ साली केला. पुढे दिल्लीच्या उंबऱ्यावर फरिदाबादला केल्व्हिनेटरचा कारखाना चालायचा. नव्वदच्या दशकात तो व्हर्लपूलकडे गेला. तरी फ्रिज ही कितीतरी वर्षं लग्नातली, हप्त्यांवरची, बैठकीच्या खोलीत दिसेल अशी ठेवायची वस्तू होती. त्यातला बर्फाचा ट्रे शेजाऱ्यांनीही मागून न्यायचा. नव्वदनंतर मध्यमवर्गाच्या घरात फ्रिज गृहीत धरला जायला लागला, पंजाबी बागेपासून मयूर विहारपर्यंत. २००० साली बरिस्ता ही कॅफेंची साखळी दिल्लीतून सुरू झाली, मग इतर आल्या, गुडगावात कचेऱ्या आणि मॉल वाढले, आणि काचेच्या उंच पेल्यात लिंबाची चकती लावलेला आइस्ड टी समोर आला. तरुणांना तो सरबतापेक्षा वेगळा वाटला, कारण तो आजीच्या हातचा नव्हता.

माझा निष्कर्ष सांगते. उशीर चवीमुळे झाला नाही. फळ, साखर, तुरटपणा, बर्फ हे सगळं दिल्लीच्या जिभेला ठाऊक होतं. फालशाचं सरबत पिणाऱ्याला थंड चहाचा तुरटपणा नवा कसा वाटेल? उशीर झाला तो स्वच्छ बर्फ घरात नव्हता म्हणून, आणि चहा विकणाऱ्यांनी इथल्या लोकांसाठी गरम, दुधाळ, स्वस्त चहा ठरवून दिला म्हणून.

आणि बर्फाचा प्रश्न अजून सगळ्यांचा सुटलेला नाही. आमच्या सोसायटीच्या मागे वस्ती आहे. मे-जूनमध्ये तिथे रोज दुपारी गोणपाटाखाली लादी घेऊन गाडी येते, आणि मुलं डबे घेऊन उभी असतात. तो तुकडा माठात जातो, पाण्याच्या बादलीत जातो. कारखान्याची लादी खाण्याची असतेच असं नाही. मासळी आणि मृतदेह ठेवायलाही तीच वापरतात. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती केली आणि मग देशभरासाठी तसाच नियम आला. गाडीवरची लादी निळी आहे की पांढरी, एवढं तरी बघत जा. मुलांनाही दाखवा.

आता करायचं कसं. सीटीसी नको, लांब पानाचा चहा घ्या. निलगिरीचा सगळ्यात बरा, तो गार झाल्यावरही बऱ्यापैकी नितळ राहतो, आणि दार्जिलिंगपेक्षा स्वस्त पडतो. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण चार लहान चमचे चहा घाला, झाकण ठेवा आणि चार मिनिटांनी गाळा. उकळू नका आणि पिळूही नका. मुद्दाम कडक ठेवायचा, कारण बर्फ वितळून तो पातळ होणार आहे. साखर गरम असतानाच विरघळवून घ्या. आधी नुसता हवेवर गार होऊ द्या, मग फ्रिजमध्ये. गरम चहा एकदम थंड केला की तो ढगाळतो. ढगाळलाच तर चार चमचे उकळतं पाणी घाला, पुन्हा नितळेल. अमेरिकेत चहाची बरणी उन्हात ठेवून करतात ते इथे करू नका. कोमट पाण्यात तासन्‌तास जंतूंचीच सोय होते.

पीच, इथे त्याला आडू म्हणतात, हिमाचल-उत्तराखंडातून मे अखेरीपासून येतात. चार आडू चिरून, तीन चमचे साखर आणि थोडं पाणी घालून दहा मिनिटं शिजवा, गाळा, गार करा, चहात मिसळा. शंका नको अशी कृती आहे.

मला मात्र फालसे आवडतात. पाव किलो फालसे धुऊन, चिमूटभर काळं मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून हातानेच चुरडायचे, मिक्सर लावला की बिया फुटून कडवट होतं. चाळणीतून गाळून घ्यायचे. फालसा स्वतःच तुरट, म्हणून त्याच्यासाठी चहा १० ऐवजी ७ ग्रॅमच घ्या आणि साखर चमचाभर वाढवा. लिंबू पिळू नका. लिंबाने चहाचा रंग फिका होतो आणि फालशाचा जांभळा रंग वाया जातो. पेल्यात आधी बर्फ, मग चहा, वरून फालशाचा रस, आणि ढवळायचं पिणाऱ्याने. उरला तर फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. फालसे नाशवंत आहेत, गाडीवर सकाळीच घ्या, दुपारपर्यंत ते सुकतात. जूनअखेर संपतात.